मावशी आणि मुस्तेर

संस्कृतातला 'स्वसृ' हा शब्द मराठीच्या वाटणीला आलाच नाही, असे प्रथमदर्शनी वाटते. पितृ, मातृ, भ्रातृ, दुहितृ या घराण्यातली ही थोर स्त्री. परंतु मराठीने बहिणीसाठी 'भगिनी' उचलली आणि तिची बहीण केली. दुहितेलाही आपण असेच वाऱ्यावर सोडले. ती शेजारी कोकणीत 'धूव' होऊन सुखाने नांदते आहे, आपल्याकडे मात्र तिच्या जागी लेक आणि मुलगी. स्वसा तर कोकणीतही स्वतंत्रपणे कोणी ओळखणार नाही. पण ती गेली नाही. ती एका दुसऱ्या शब्दाच्या शेपटीत दडून बसली आहे, आणि तो शब्द असा आहे की दिघ्याच्या स्थानकाबाहेर सकाळी सहा वाजता उभे राहिले तर दर मिनिटाला एकदा तरी कानावर पडतो. मावशी. 'मातृ' अधिक 'स्वसृ': आईची बहीण. बेरीज इतकी उघड आहे की शाळेत कुणी ती सांगत नाही, आणि म्हणूनच बहुधा ठाऊकही नसते.

ही बेरीज झिजत कशी गेली, ते पाहणे मौजेचे आहे. पाणिनीला 'मातृष्वसृ' इतका महत्त्वाचा वाटला की केवळ मातृ आणि पितृ या दोन शब्दांपुढे आलेल्या स्वसृतील 'स'चा समासात 'ष' होतो, एवढे सांगण्यासाठी त्याने एक स्वतंत्र सूत्र खर्ची घातले. सूत्रांत अर्धी मात्रा वाचली तर पुत्रजन्माचा आनंद मानणाऱ्या वैयाकरणांच्या परंपरेत ही चैनच म्हणायची. षष्ठीचा प्रत्यय तसाच ठेवून 'मातुःष्वसा' म्हणण्याचीही त्याने मुभा दिली. तिथे 'ष' वैकल्पिक, म्हणजे 'मातुःस्वसा'ही चालेल. पुढे प्राकृतांत दोन स्वरांमधला 'त' गळाला, 'ऋ'चा 'उ' झाला, आणि बाराव्या शतकात हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात नोंद केली की मातृ आणि पितृ यांच्यापुढील स्वसृला 'सिआ' आणि 'छा' असे दोन आदेश होतात. माउसिआ आणि माउच्छा. पिउसिआ आणि पिउच्छा. पालीत 'मातुच्छा' आहे, ती याच दुसऱ्या फांदीवरची. मराठीने, हिंदीने, बंगालीने पहिली फांदी धरली: मावशी, मौसी, मासी.

मराठीत आल्यावर 'सी'ची 'शी' झाली, कारण 'ई'च्या शेजारी 'स' आला की आपली जीभ टाळूकडे सरकते. म्हैस, पण म्हशी. माणूस, पण दरमाणशी. आणि म्हणूनच मावशीच्या मुलाला आपण 'मावशभाऊ' म्हणत नाही, 'मावसभाऊ' म्हणतो. तिथे 'ई' नाही, म्हणून 'स' आपला मूळचा. मावससासू, मावसआजी, मावसबहीण, सगळीकडे तोच. म्हणजे स्वसृतला तो जुना दंत्य 'स' अजून जिवंत आहे, फक्त मावशी समोर नसताना.

हे सारे आम्हांला अकारण सुचलेले नाही. आमच्या धाकट्या बहिणीची मुलगी नोकरीनिमित्त स्वीडनमध्ये गॉथेनबर्गला असते. तिथली नाती शिकताना तिची जी त्रेधा उडाली, ती ती आम्हांला दूरध्वनीवर ऐकवीत असे. आईला तिथे 'मूर' म्हणतात आणि वडिलांना 'फार'. मग आईची आई 'मूरमूर', वडिलांचे वडील 'फारफार', वडिलांची आई 'फारमूर' आणि आईचे वडील 'मूरफार'. "मामा, इथे आजी म्हणजे चुरमुरे आणि आजोबा म्हणजे फारच फार," असे तिने कळवले, तेव्हा आम्ही हसलो. आम्हांलाही तिथल्या हिशेबाने 'मूरब्रूर' हे पद मिळाले: आईचा भाऊ. मग तिने सांगितले की मावशीला 'मुस्तेर' म्हणतात आणि आत्याला 'फास्तेर'. इथे मात्र आमचे हसणे थांबले.

कारण 'मुस्तेर' म्हणजे 'मूर' अधिक 'सिस्तेर'. लिहिताना 'मोस्तेर' असे दिसते, बोलताना मुस्तेर ऐकू येते. डॅनिश आणि नॉर्वेजियनांतही हा शब्द आहे, जरी नॉर्वेत आता 'तांते' अधिक चालतो. जुने पूर्ण रूप 'मोदर-सिस्तेर' होते, ते वापरून वापरून निम्मे झाले. आइसलँडने मात्र काहीच झिजू दिले नाही. तिथे आजही 'मोधुरसिस्तिर' म्हणतात, आणि त्यातले 'मोधुर' हे षष्ठीचे रूप आहे, म्हणजे नेमके पाणिनीच्या 'मातुःष्वसा'सारखे. आइसलँड हे उत्तरेकडचे आमचे आळंदी-पैठण समजायला हरकत नाही. जुन्या पोथीतली रूपे तिथे अजून भाजीबाजारात फिरतात.

येथे सुज्ञ वाचक म्हणेल की मग मावशी आणि मुस्तेर हा एकच शब्द झाला. तसे नाही, आणि ही गोष्ट सावकाश समजून घेण्यासारखी आहे. 'मातृ' आणि 'मूर' एकाच मूळ शब्दाची लेकरे आहेत, 'स्वसृ' आणि 'सिस्तेर'ही तशीच. पण दोहोंची जोडणी एकदाच झाली आणि ती दोन्हीकडे वारशाने आली, असे मानायला आधार नाही. सिंधूकाठी कुणी ती आपल्या गरजेपुरती केली, बाल्टिकच्या काठी कुणी आपल्या. दोन सुगरणींच्या घरी तेच पीठ आणि तोच गूळ होता. पोळी दोघींनी स्वतंत्र लाटली. आम्हांला हे एकाच शब्दाच्या वारशापेक्षा अधिक नवलाचे वाटते. वारसा काय, आपोआपही मिळतो. पण हजारो मैलांच्या अंतराने दोन समाजांना आईच्या बहिणीसाठी वेगळा शब्द हवासा वाटावा, तो आईपासूनच घडवावासा वाटावा, आणि मग तो इतक्या वेळा उच्चारला जावा की त्याचे सांधे पुसून जावेत!

'सिस्तेर'मध्ये 'त' कुठून आला, असे कुणी विचारील. तो जर्मानिक भाषांनी मध्ये घातला. 'स' आणि 'र' लागोपाठ आले की त्यांची जीभ अडखळते आणि 'त'चा आधार घेते. आपला 'स्रोत' आणि त्यांचा 'स्ट्रीम', स्वीडिशमधला 'स्त्रोम', यांत हेच घडले आहे. आपल्याकडेही 'सहस्र'चे 'सहस्त्र' लिहिणारे थोडे नाहीत. शुद्धलेखनाचे मास्तर त्यांना झोडपतात, पण ते बिचारे नकळत जर्मानिक नियम पाळत असतात.

स्वसृचे व्याकरणही इतरांहून वेगळे आहे. संस्कृतात माता, मातरौ, मातरः. पण स्वसा, स्वसारौ, स्वसारः. तिचा स्वर दीर्घ होतो. पिता, माता, भ्राता, दुहिता यांच्यात तो ऱ्हस्व राहतो. शिवाय स्त्रीलिंगी शब्दांना लागणारा 'आ' किंवा 'ई' तिला लावायचा नाही, असे पाणिनी बजावतो. अशा सात शब्दांची एक यादी परंपरेने दिली आहे: स्वसृ, मातृ, दुहितृ, ननान्दृ म्हणजे नणंद, यातृ म्हणजे जाऊ, आणि त्यांच्या जोडीला तीन व चार या संख्यांची स्त्रीलिंगी रूपे तिसृ आणि चतसृ. नात्याच्या पाच बायका आणि दोन आकडे! ही विचित्र पंगत का बसली, याचे एक उत्तर काही भाषाशास्त्रज्ञ देतात. 'तिसृ', 'चतसृ' आणि 'स्वसृ' यांतला शेवटचा 'सृ' हा कुठल्या तरी अतिप्राचीन 'स्त्री' या अर्थाच्या शब्दाचा अवशेष असावा, आणि स्वसृ म्हणजे 'स्व'ची, आपल्या घरची, स्त्री. हा तर्क सर्वमान्य नाही. पण तो खरा असेल तर मावशीतला 'शी' हा 'आपली बाई' एवढाच अर्थ सांगतो, आणि तिला वेगळा स्त्रीप्रत्यय लावण्याची गरज का नव्हती तेही उलगडते.

आत्याचे काय, असा प्रश्न इथे उभा राहतोच. हेमचंद्राची पिउसिआ बंगालीत 'पिसी' झाली. स्वीडनमध्ये फास्तेर आहे. मराठीने मात्र ही जागा दक्षिणेला दिली. आपली आत्या कन्नडच्या 'अत्ते'ची आणि तमिळच्या 'अत्तै'ची सखी. कन्नडमध्ये अत्ते म्हणजे आत्याही आणि सासूही. आमच्या सातारा जिल्ह्यात सुना सासूला आत्याबाई म्हणत आल्या आहेत, ते याच नात्याने, कारण पुष्कळ जातींत मामाची मुलगी करण्याची रीत होती आणि सासू ही खरोखरच नवऱ्याच्या मामाची बहीण, म्हणजे सुनेची आत्या असे. 'मेहुणा' या आजच्या शब्दामागे 'मैथुन' आहे आणि देशी प्राकृतात 'मेहुणिआ' म्हणजे मामाची मुलगीही होते, हे कळल्यावर सभ्य माणसे थोडी दचकतात. इरावती कर्व्यांनी 'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' (१९५३) या ग्रंथात महाराष्ट्र हा उत्तर आणि दक्षिण यांच्या सांध्यावरचा मुलूख असल्याचे दाखवले. त्यांचा सगळा सिद्धांत एका ओळीत हवा असेल तर मराठी घरात मावशी उत्तरेची आणि आत्या दक्षिणेची आहे, एवढे सांगावे. आमच्या गल्लीत विजापूरकडचे एक कुटुंब आहे. त्यांच्यात मावशीला मावशी नाहीच. ती आईहून मोठी असेल तर दोड्डम्मा आणि धाकटी असेल तर चिक्कम्मा. थोरली आई, धाकटी आई. बहीण हा शब्दच मध्ये येऊ दिलेला नाही.

इंग्रजीची गंमत याहून वेगळी. जुन्या इंग्रजीतही मावशीला स्वतंत्र शब्द होता. १०६६ मध्ये नॉर्मन आले आणि त्यांच्या फ्रेंचबरोबर आला 'आंट'. त्याचे मूळ लॅटिन 'अमिता', आणि अमिता म्हणजे वडिलांची बहीण. म्हणजे इंग्रजीतली आंट ही मुळात आत्या. आज ऐरोलीच्या आणि ठाण्याच्या सोसायट्यांमध्ये मुले शेजारच्या बाईला 'आंटी' म्हणतात आणि भांडी घासायला येणाऱ्या बाईला 'मावशी', तेव्हा त्यांना ठाऊक नसते की एकीला ती आत्या म्हणताहेत.

आता दिघ्याकडे येतो. जालावर दिघा शोधले तर आधी बंगालचा समुद्रकिनारा पुढे येतो. आमचे दिघे ते नव्हे. आमचे दिघे नवी मुंबईच्या उत्तर टोकाला, ठाणे-बेलापूर रस्त्यावर, एका बाजूला पारसिकचा डोंगर आणि भोवती औद्योगिक वसाहत असे वसलेले आहे. मूळचे आगरी-कोळी लोकांचे गाव. त्यात साताऱ्याचे, सांगलीचे, मराठवाड्याचे, उत्तर प्रदेशाचे लोक कारखान्यांच्या मागोमाग येऊन राहिले. आमची आई आम्ही आठवीत असताना गेली. वडील गावी शेती पाहत राहिले, आणि १९८९ साली मावशीने आम्हांला आणि आमच्या बहिणीला दिघ्याला आणले. नवी मुंबई महानगरपालिका व्हायला अजून तीन वर्षे होती. उताराच्या लोकलगाड्या या मार्गावर २००४ साली सुरू झाल्या, आणि त्याही वीस वर्षे दिघ्याला न थांबता पुढे जात. दिघा गाव स्थानक उघडले ते १२ जानेवारी २०२४ रोजी. तोवर ऐरोली गाठायची किंवा रस्त्यावर बसची वाट पाहायची.

मावशीचे यजमान वसाहतीतल्या एका कारखान्यात होते. ते लवकर वारले. मूलबाळ नव्हते. मावशी ठाण्यातल्या एका रुग्णालयात आया म्हणून लागली आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिली. तिचे नाव आम्ही येथे देणार नाही. तिलाही ते फारसे कधी ऐकायला मिळाले नाही. रुग्णालयात आयांना मावशी म्हणतात आणि वॉर्डबॉयला मामा. सकाळी आम्हांला डबा देऊन ती बाहेर पडे, ती आमची मावशी. आणि तासाभराने ती साठ खाटांवरच्या साठ अनोळखी माणसांची मावशी होई. शाळकरी वयात आम्हांला याचा राग येई. आमची एकुलती एक वस्तू गावभर वाटली जाते आहे, असे वाटे.

त्याच वॉर्डात परिचारिकेला 'सिस्टर' म्हणत. इंग्रजीतल्या सिस्टर या शब्दाचे आजचे रूप नॉर्स वळणाचे आहे, उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांनी इंग्लंडच्या किनाऱ्यावर आणलेले. स्वीडनमध्येही रुग्ण परिचारिकेला सिस्तेर म्हणून हाक मारीत. म्हणजे ठाण्यातल्या एका वॉर्डात एकाच वेळी स्वसृ दोनदा हजर होती. एकदा युरोपची वारी करून, 'त' मिळवून, पांढऱ्या गणवेषात; आणि एकदा महाराष्ट्री प्राकृतातून झिजत, 'शी' एवढीच उरून, हातात बेडपॅन घेऊन. शिकलेलीला इंग्रजी बहीण, न शिकलेलीला मराठी मावशी. व्युत्पत्ती मावशीला ठाऊक असण्याचे कारण नव्हते, पण हिशेब तिला बरोबर कळला होता. "सिस्टर म्हंजी बहीनच न्हवं का रं? मग बहिनीला येवढा पगार आन् मावशीला येवढुसा, ह्यो कुठला न्याय?" असे ती एकदा पाय चोळता चोळता म्हणाली होती.

भाषेने या दोन मावश्यांमध्ये आणखी एक रेघ ओढलेली आहे, आणि ती सर्वनामात आहे. खऱ्या मावशीला आपण "अगं मावशी, तू कधी आलीस?" म्हणतो. पगारी मावशीला "अहो मावशी, तुम्ही लादी पुसलीत का?" पहिलीत क्रियापद एकवचनी, दुसरीत आदरार्थी. वरवर पाहता दुसरीचा मान अधिक. पण मराठीत सलगीचे माप 'तू' आहे. आई, मावशी, आत्या, आजी या चौघींना 'तू' म्हणण्याचा हक्क ज्याला जन्माने मिळतो तो घरचा. 'मावशी' या शब्दाने उंबऱ्याच्या आत बोलवायचे आणि 'तुम्ही' या शब्दाने पायपुसण्यावर थांबवायचे, असे काहीसे हे होते. 'बाई' किंवा 'ए पोरी' यापेक्षा हे कितीतरी बरे, हे आम्ही मान्य करतो. मावशीही करीत असे. पण ज्या घरांत तिच्या सोबतिणी वीस-वीस वर्षे मावशी म्हणून जातात, त्या घरांत त्यांचे नाव विचारले तर दूरध्वनीच्या यादीतसुद्धा 'मावशी कामवाली' एवढीच नोंद सापडते.

स्वीडनमध्ये या प्रश्नाचा एका वेगळ्याच बाजूने निकाल लागला. तिथे पूर्वी समोरच्या माणसाला 'तू' म्हणणे उद्धटपणाचे आणि 'तुम्ही' म्हणणे तुटकपणाचे, म्हणून लोक तृतीयपुरुषात बोलत. मावशीला कॉफी हवी आहे का, हे मावशीच्याच तोंडावर विचारायचे. अनोळखी बाईला मुले 'तांत' म्हणत. तोही त्याच लॅटिन आत्याचा वंशज. मग १९६७ मध्ये तिथल्या वैद्यकीय प्रशासनाचे नवे प्रमुख म्हणून आलेल्या गृहस्थांनी जाहीर केले की आपण कचेरीत सर्वांना 'दू', म्हणजे 'तू', म्हणणार आणि सर्वांनी आपल्यालाही तसेच म्हणावे. ही चाल त्यांनी एकट्याने सुरू केली असे नव्हे. वारा आधीच वाहत होता. पण नाव त्यांचे झाले. त्यांचे नाव ब्रूर रेक्सेद, आणि 'ब्रूर' म्हणजे भाऊ! आज तिथे सफाई करणारी आणि शल्यविशारद परस्परांना नावाने आणि 'दू'ने बोलावतात, आणि मुस्तेर हा शब्द फक्त आईच्या बहिणीसाठी राखीव आहे. आमच्या भाचीला हे प्रथम कोरडे वाटले. नंतर तिला त्यातले सुख कळले, असे ती म्हणते. आमचे मन अजून दोन्हीकडे ओढ घेते.

मराठीने मावशीविषयी दोन टोकांच्या कथा जपल्या आहेत. एकीकडे 'माय मरो, मावशी जगो' ही म्हण. ही म्हण आमच्या घरात कुणी उच्चारीत नसे. मावशीला ती सहन होत नसे, आणि का ते सांगायला नको. दुसरीकडे वरवरच्या मायेला आपण 'पूतना मावशीचे प्रेम' म्हणतो. बाळकृष्णाला विषारी दूध पाजायला आलेल्या राक्षसीला मराठी माणसाने मावशी का म्हणावे? कारण उघड आहे. आईच्या जागी येऊन दूध पाजू शकणारी बाई, तिला दुसरे नाव भाषेत नाही. आणि खरोखर पाजणारी एक मावशी इतिहासात आहेच. सिद्धार्थाची आई महामाया त्याच्या जन्मानंतर सातव्या दिवशी वारली आणि तिची बहीण महाप्रजापती गौतमी हिने त्याला वाढवले. पुढे तिने संघात प्रवेश मागितला, तेव्हा बुद्धांनी तीनदा नकार दिला. मग आनंदाने रदबदली केली, आणि त्याचा युक्तिवाद नात्याचा होता: ही तुमची मातुच्छा आहे, हिने तुम्हांला दूध पाजले आहे. प्रवेश मिळाला, पण आठ जड अटींवर. त्यांतली पहिली अशी की शंभर वर्षे भिक्षुणी असलेल्या स्त्रीनेही आज दीक्षा घेतलेल्या भिक्षूला वंदन करावे. दिघ्यात बौद्ध वस्ती मोठी आहे. वैशाख पौर्णिमेच्या एका व्याख्यानात ही कथा आम्ही मावशीच्या शेजारी बसून ऐकली. ती बराच वेळ गप्प होती. घरी येताना एवढेच म्हणाली, "दूध पाजलं तरी अटी हायेतच."

अटींचा प्रत्यय आम्हांला २०२२ मध्ये आला. मावशीच्या खुब्याचे हाड मोडले आणि शस्त्रक्रियेसाठी एका रुग्णालयात संमतिपत्र भरायचे होते. रुग्णाशी नाते या रकान्यात पती, मुलगा, मुलगी, इतर एवढे पर्याय होते. आम्ही 'इतर'वर खूण केली. तिथल्या माणसाने इतर म्हणजे काय ते विचारले, भाचा म्हटल्यावर सख्खे कुणी नाही का असे विचारले, आणि मग गावाहून मावशीच्या दिरांची तोंडी संमती घेईपर्यंत संध्याकाळ झाली. दिरांनी मावशीला अकरा वर्षे पाहिले नव्हते. मराठीत 'भाचा' हा शब्दही फार सैल आहे, हे खरे. मामाचा भाचा, मावशीचा भाचा, आत्याचाही भाचाच; फक्त काकाचा पुतण्या वेगळा. स्वीडिशमध्ये ही अडचण नाही: बहिणीचा मुलगा तो 'सिस्तेरसोन', भावाचा तो 'ब्रूरसोन', काम संपले. शिवाय व्याकरणात भाचा बापडा दुय्यम प्रतीचा. मामा, काका, दादा, बाबा यांना प्रत्यय लागताना रूप बदलावे लागत नाही: मामाला, काकाला. भाचा, मेहुणा, सासरा, पुतण्या यांना मात्र वाकावे लागते: भाच्याला, मेहुण्याला, सासऱ्याला. ज्यांना आपण तोंडावर त्या नावाने हाक मारतो ते ताठ उभे राहतात. ज्यांचा केवळ उल्लेख करतो ते विभक्तीपुढे नमतात. आमच्या माहितीत हा नियम कुठल्या शालेय व्याकरणात दिलेला नाही, पण वाचकांनी आपल्याच घरातल्या नात्यांवर तो लावून पाहावा.

त्या संध्याकाळनंतर आम्ही एका वकिलांकडे गेलो. मावशीची दिघ्यातली खोली तिने स्वतःच्या पगारातून घेतलेली. तिचे कागद किती पक्के, हा दिघ्यात निराळाच अध्याय आहे. २०१५-१६ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशांवरून इथल्या अनधिकृत इमारतींवर हातोडा पडू लागला तेव्हापासून कागद हा शब्द काढला की गल्ली गप्प होते. तरी खोली आहे आणि तिच्यात आम्ही वाढलो. वकिलांनी १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा समजावून सांगितला. विनापत्य विधवा मृत्युपत्र न करता वारली, तर तिने स्वतः कमावलेली मालमत्ता प्रथम नवऱ्याच्या वारसांकडे जाते. ते कुणीच नसतील तर आईवडिलांकडे, मग वडिलांच्या वारसांकडे, मग आईच्या. मुलांनंतरच्या या रांगेत दिराचा नंबर पहिला, आणि बहिणीचा मुलगा वडिलांच्या वारसांत, म्हणजे बराच मागे. माहेरून वारशाने आलेल्या मालमत्तेला अपवाद आहे. पण मावशीला माहेरून एक पितळी हंडा तेवढा आला होता. तिच्या तीस वर्षांच्या बेडपॅनांची किंमत मात्र सासरची. २००९ साली सर्वोच्च न्यायालयानेही एका प्रकरणात हाच अर्थ कायम केला होता, असे वकील म्हणाले. मावशीने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हंजी कायद्यात मावशी न्हाईच?" वकील म्हणाले, आहे, पुरुष वारला आणि जवळचे कुणीच नसले तर दुसऱ्या वर्गाच्या यादीत अगदी शेवटी, मामाच्या शेजारी, आईची बहीण आहे. मावशी हसली. "मामाच्या शेजारी. वारडातबी तसंच हुतं."

मृत्युपत्र झाले. निबंधकांच्या कचेरीत लिपिकाने मजकूर वाचताना 'माझ्या मयत थोरल्या बहिणीचा मुलगा व मुलगी' या शब्दांवर बोट ठेवले आणि दत्तक घेतलेत का, असे विचारले. मावशीने नाही म्हणून सांगितले. मग नात्याने कोण, असे त्याने पुन्हा विचारले. ती म्हणाली, "मी मावशी हाय त्यांची." त्यात कोणते उत्तर आले हे त्याला उमगले नसावे, पण त्याने शिक्का मारला.

मावशी आता काठी घेऊन चालते. संध्याकाळी गॉथेनबर्गहून चित्रफोन येतो, तेव्हा ती चष्मा लावून बसते. भाचीची मुलगी चार वर्षांची आहे. नात्याने मावशी तिची पणजी लागेल, परंतु आमच्या घरात सगळेच तिला मावशी म्हणतात, म्हणून तीही मावशी म्हणते. घरी मराठी आणि शाळेत स्वीडिश, त्यामुळे प्रत्ययांची सरमिसळ होते. स्वीडिशमध्ये 'तो', 'ती' अशी निश्चिती दाखवणारा प्रत्यय नामाच्या शेवटी लागतो. मुस्तेरचे 'मुस्तेर्न' होते. पोरगी त्याच चालीवर 'मावशीन' म्हणते, आणि सातारकडच्या कानांना ते तृतीयेचे रूप वाटते: मावशीनं काय केलं? स्वामित्व दाखवायला तिकडे 'स' लागतो. परवा मावशीने चष्मा काढून ठेवला, तेव्हा पडद्यावरून पोरगी ओरडली, "मावशीस ग्लासोगोन!" म्हणजे मावशीचा चष्मा. आमच्या जुन्या पुस्तकी मराठीत 'मावशीस' म्हणजे मावशीला. मावशीने चष्मा पुन्हा लावला आणि आमच्याकडे वळून विचारले, "मला काय दे म्हनती ती?"